बुटाचं पालिश लावलेला पेन

अबे थांबा, चहा येऊ द्या पह्यले. नाही, जाऊ दे, थांबतच नाही मी, सांगतोच. कडूबा, तू मधात बोलू नको. तू मधात बोलला का माहा धागा तुटते, मंग मी पुढचं मांगं आन मांगचं पुढं सांगतो, आन तुमी सारे म्हनता निवृत्तीले काही सांगता येत नाही.

तं परवा आमी धाड गावाले गेलतो, पोरगी पाहाले. आमी म्हंजे मी आन उत्तममामा. बाबा वडनेरलेच राह्यले, वावरात काम व्हतं, म्हने मामा हाये ना संगं, मामाले पसंत तं मले पसंत. हासू नोका बे! आता कुठं सुरू झालं, हासायचं पुढं लय हाये.

आता तुमाले वाटते का मी मामाच्या दुकानात बसून पेन इकतो. इकत नाही बे, बनवतो! एबोनाइटची कांडी येते मुंबईहून, काळी, टणक, रबराचीच जात, पन दगडावानी. ते खरादावर लावाची, एका पायानं पट्टा चालवाचा आन हातात पटाशी धराची, का मंग काळ्या शेवया निघतात सर्र सर्र. वास असा येते का जशी माचिस वली झाली. मंग आतून भोक पाडाचं, आटे पाडाचे, टोपण अलग, दांडी अलग. राज्य नवं झालं तवापासून जिकडं तिकडं सह्याच सह्या चालू हायेत, ग्रामपंचायतीत सही, सोसायटीत सही, आता जिल्हा परिषद आली तं तिथं बी सही, म्हनून पेनाले गिऱ्हाईक तुटत नाही. थे सारं मले येते. आटे तं मी असे पाडतो का टोपण फिरवलं तं लोण्यात फिरल्यावानी फिरते. हे मी माही तारीफ करून नाही राह्यलो, हे मामा बी कबूल करते. मामा म्हनते, निवृत्ती, तुह्या हातात आटे हायेत, पन तुह्या बुडाखाली निखारे हायेत.

काऊन, तं चमक.

चमक म्हंजे धीराचं काम हाये, बाप्पा. पह्यले जाड पानी-पेपर घ्यायचा, पानी लावून घासाचं. मंग धुवाचं, पुसाचं, उजेडात धरून पाहाचं. जोवर एक बी रेघ दिसते तोवर तोच कागद. मंग त्याच्याहून बारीक कागद, तेच. मंग अजून बारीक. सारं झाल्यावर कपड्याचं चाक लावाचं, त्याले लाल साबण चोपडाचा, आन मंग पेन असा निघते का त्यात तुमी टोपी नीट करून घ्यान. आता मले सांगा, एवढा येळ कोनाजवळ हाये? मी काय करतो, जाड कागद मारतो आन सीधा चाकावर जातो. दुरून पाह्यलं का झकास. जवळून पाह्यलं का मांजरीनं वरबाडल्यावानी. चाक लावल्यानं रेघा जात नाहीत बे, उलट रेघा बी चमकतात!

हे सारं काऊन सांगून राह्यलो, तं पोरीचे वडील, भगवंतराव. बागाईतदार मानूस, विहिरीले बारमाही पानी, कांदे, मिरच्या, वांगे, धाडच्या बाजारात त्यायचं दुकान पह्यलं लागते. त्यायनं मामाले निरोप देल्ला व्हता का, पोरगा पेन बनवते म्हनता, म्हंजे काय करते थे आमाले समजलं नाही. वावर करते तं समजते, मास्तर हाये तं समजते. पेन तं दुकानात भेटते, तो बनवाले मानूस कायले लागते? येतान तं त्याच्या हातचा एक पेन घेऊन या. पाहू.

म्हंजे समजलं काय? माहं सारं लगन त्या एका पेनावर आलं! आन पोरगी, कोकिळा, तिले म्या आंधीच पाह्यलं व्हतं, चिखलीच्या यष्टी स्टँडवर. तिच्या आत्याच्या टोपलीतले वांगे सांडले, आन कंडक्टर ओरडून राह्यला, तं हे पोरगी कंडक्टरले म्हने, "ओरडता कायले, खाली उतरा आन वेचू लागा." आन कंडक्टर उतरला, बे! वेचू लागला! त्या दिवसापासून माहं चित्त ठिकान्यावर नाही. म्याच मामाच्या मांगं लागून लागून चौकशी कराले लावली. तिले काही माहीत नाही, तिनं मले पाह्यलं बी नसन.

मंग म्या पेन बनवला. कांडी निवडून घेतली, आटे असे पाडले का मामानं खुशीनं मान हालवली. आन मंग चमक. मामा म्हने, "चार दिस हायेत, आरामात कर." चार दिस हायेत म्हनून म्या तीन दिस काहीच केलं नाही. अबे, मनात लगनाचा मांडो घालून बसलो व्हतो, कागद कोन घासते? शेवटच्या दिवशी जाड कागद मारला, चाकावर गेलो, आन पाकिटात ठेवून देल्ला. मामाले दाखवलाच नाही. मामा इचारे, "झाला काय?" मी म्हनो, "आरसा झाला, मामा."

सकाळी निघाचं. मामा म्हने, "निवृत्ती, माहे बूट काढ आन पालिश मार, सोयरिकीले जायाचं हाये." मामाचे बूट म्हंजे लगनसराईतच बाहेर येतात. म्या डबी काढली, काळं पालिश, चिंधीनं चोपडलं, ब्रश मारला, आन बापारे! इतका जुना बूट, त्याले भेगा पडलेल्या, तरी असा चमकला का त्यात माहं थोबाड दिसलं. आन भेगा? गायब! बुजल्या!

आता तुमीच सांगा, तुमच्या हातात काळ्या पालिशची डबी हाये, पाकिटात काळा पेन हाये, पेनावर रेघा हायेत. तुमी काय केलं असतं? कडूबा, खरं सांग. हाव ना? केलंच असतं ना?

म्या लावलं. बोटानं चोपडलं, ब्रश मारला, फडक्यानं पुसला. भाऊ, एक रेघ दिसन तं शपथ! इतका सुंदर पेन म्या आयुष्यात पाह्यला नव्हता. मले तं वाटलं का जगातल्या साऱ्या पेनवाल्यायले हे अक्कल काऊन नसन सुचली. मले मनात असं बी आलं का पुढं मामाले हा शोध समजावून सांगू, मामा म्हनन, धन्य हाये लेका.

चिखलीले गाडी बदलली. ऊन म्हंजे नुसता भट्टा. पेन सदऱ्याच्या खिशात, छातीशी. माही छाती तं तशीबी धडधडून राह्यली व्हती, वरून ऊन, वरून गाडीत मानसावर मानूस. धाडले उतरलो आन खाली पाह्यलं तं खिशावर काळा डाग, चांगला रुपयाएवढा. मले वाटलं शाई गळली. पन शाई तं म्या भरलीच नव्हती, मामाच्या पिशवीत दौत अलग व्हती! तिथं माह्या डोक्यात उजेड पडाले पाह्यजे व्हता का नाही? नाही पडला. म्या खिशात हातरुमालाची दस्ती खोचली, डागावर घडी लोंबती, आन चाललो ऐटीत.

भगवंतरावच्या वसरीत सतरंजी टाकलेली. भगवंतराव, पांढऱ्या शुभ्र मिशा, अशा झुबकेदार. शेजारचे पुंजाजी आले व्हते, निळीची पांढरी टोपी, करकरीत घडीची. कोकिळेची आत्या रुखमाबाई दारात. कोकिळेची माय नाही ना, आत्यानंच वाढवलं. पानी झालं, पोहे झाले, पाऊसपान्याच्या गोष्टी झाल्या, मंग भगवंतराव म्हने, "हं. आनला काय पेन?"

म्या दस्ती न सरकवता खिशातून पेन काढला. देल्ला. भगवंतरावनं हातात घेतला, फिरवला, वर धरला, खाली धरला. "वा," म्हने, "हा तं आरसा हाये, उत्तमराव! पोराच्या हातात कसब हाये." आन मिशीवरून हात फिरवला.

माहा जीव एवढा फुगला का सदऱ्याच्या गुंड्या तुटतीन.

मंग पेन पुंजाजीकडं. आता गावात नवी चीज आली का कशी हातोहात फिरते, तुमाले सांगाले नको. पुंजाजीनं टोपण काढलं, लावलं, काढलं, लावलं. "आटे चांगले हायेत," म्हने, आन टोपी नीट केली. मंग अजून दोघं-तिघं बसले व्हते त्यायनं पाह्यला. एकानं नाकाले खाजवलं. मंग मामाकडं आला. मामानं मोठ्या कौतुकानं घेतला, मालकाच्या ऐटीत, आन कपाळाचा घाम पुसला.

मी पाहून राह्यलो व्हतो पोरगी कोनत्या दारातून येते थे. म्हनून मले लोकायचे तोंडं दिसलेच नाहीत. मामानं माह्या मांडीले असा चिमटा घेतला का डोळ्यात पानी आलं. म्या पाह्यलं. भगवंतरावची मिशी उजव्या बाजूनं पांढरी आन डाव्या बाजूनं काळी! वीस वर्षानं तरणी! पुंजाजीच्या टोपीवर पाचही बोटं उमटलेले, मोजून घ्या. नाकवाल्याचं नाक शेंड्याले काळं. आन मामाच्या कपाळावर असा पट्टा जसा बैलाच्या कपाळाले असते. आन कोनालेच माहीत नाही, बे! ज्याले त्याले दुसऱ्याचं दिसून राह्यलं, पन पाहुन्यायपुढं कोन कोनाले म्हनन का तुहं नाक काळं झालं? सारे एकमेकायकडं पाहून खाली पाहून राह्यले.

तेवढ्यात कोकिळा आली. पाटावर बसली. खाली मान. मामानं जे इचाराचं थे इचारलं, नाव काय, शाळा किती. मंग पुंजाजी म्हने, "नाव लिहून दाखव, बाई, त्यायच्याच पेनानं." आपल्या इकडं पोरीले नाव लिहाले लावतातच ना, शिकलेली हाये का पाहाले. मामानं दौतीतून शाई भरून देल्ली. तिनं लिहलं. कोकिळा भगवंतराव, असं टपोरं, सुबक. माह्या पेनाची शाई अशी सळसळ उतरली का मी घडीभर सारं विसरलो.

मंग तिनं बोटं पाह्यले. काळे. बोटावर बोट चोळलं. नाकाशी नेलं. मान वर केली, सगळ्यायकडं पाह्यलं, बापाच्या मिशीवर नजर गेली, आन पदर तोंडात कोंबला.

"हासू नको वं," आत्या दारातून.

"आत्या, पह्यले बाबाच्या मिशा पाह्य," हे म्हने. "हे बुटाचं पालिश हाये."

भाऊ, जे हासू झालं! आतून बायका हासल्या, पुंजाजी भगवंतरावले हासला, भगवंतराव पुंजाजीच्या टोपीले हासला, नाकवाला दोघायले हासला. मी बी हासलो, मले वाटलं हासन्यात निभावून जाईन. मंग आत्यानं आरसा आनून भगवंतरावच्या हातात देल्ला. हासू बंद.

मामा मोठा मानूस, संभाळाले पाह्यलं त्यानं. "नव्या पेनाचा रंग असा थोडा सुटते, भगवंतराव. दोन दिसात बसते."

"नवा बैल आनला तं रंग सोडते काय?" भगवंतराव मिशी पुसत म्हने. जितकी पुसे तितकी फैले. मंग माह्याकडं वळले. "तूच सांग, गड्या. काय हाये हे?"

मामानं पुना चिमटा घेतला. म्हंजे चूप राह्य. आता मी आन चूप! माह्या तोंडातून असं सुरू झालं का मलेच थांबता येईना. सांगतलं का पालिश हाये, बुटाचंच हाये, मामाच्या बुटाचं हाये. जाड कागद मारला, बारीक मारला नाही, मामाले दाखवला बी नाही, तीन दिस मांडोच घालत बसलो मनात. एवढ्यावर थांबाचं ना? नाही. खिशावरची दस्ती उचलून डाग बी दाखवला. कोनी इचारलं बी नव्हतं!

मामा दाराजवळच्या आपल्या बुटायकडं पाहून राह्यला, जसे काही ते बोललेत.

भगवंतरावनं पेन पुना हातात घेतला. मंग म्हने, "म्हंजे पेन बनवता येत नाही."

"येते," म्या म्हनलं. "चमकवता येत नाही. म्हंजे येते, पन धीर निघत नाही."

"धीर निघत नाही." त्यायनं पेन सतरंजीवर ठेवला. "बरं. चहा घ्या, उत्तमराव. तुमची गाडी हाये आता घडीभरानं."

समजलं? संपलं! सोयरीक मोडताना कोनी मोडली म्हनत नाही, गाडीची येळ सांगतात. मामा उठला, टोपी घातली, माह्याकडं पाह्यलं. कोकिळा पाटावरून उठून आत चालली. आन मले काय झालं कोन जाने, मी उठलोच नाही. म्हनलं, "मले राख द्या."

"काय?" भगवंतराव.

"राख. चुलीतली. आन थोडं करडीचं तेल, आन जुन्या धोतराची चिंधी. इथंच करतो. रेघा काढून दाखवतो."

"अबे लाज आन काही," मामा. "गाडी जाईन."

"जाऊ द्या, मामा."

मामा जागीच बसला. भगवंतराव म्हने, "करू द्या, आपल्याले काय? मी वावरात जाऊन येतो." आन गेले, अर्धी मिशी काळी तशीच.

आता राखेनं पेन घासाचं हे मले कोनी शिकवलेलं नाही. मले इतकंच ठाव का आपल्या बाया राखेनं पितळ असं काढतात का सोनं दिसते. पितळ निघते तं रबर निघन, एवढाच हिशोब. आधी घासलेटानं पालिश काढलं. आन भाऊ, खाली ज्या रेघा निघाल्या! मी लपवल्या व्हत्या म्हनून त्या अजून खुश व्हऊन वर आल्या. रुखमाबाईनं करवंटीत राख देल्ली. अंगनात लिंबाखाली उकिडवा बसलो आन सुरू केलं. घासतो तं करकर वाजते. नव्या रेघा! राखेत खडे.

तवा आवाज आला. कोकिळा वसरीच्या कोपऱ्यात मिरच्यायचे देठ तोडत बसली व्हती, आत्याजवळ. माह्यासंगं बोलली नाही. आत्याले म्हने, "आत्या, त्यायले सांग, राख कपड्यातून चाळून घ्या."

आत्या मले म्हने, "राख चाळून घ्या म्हनते."

मी म्हनलं, "कपडा द्या म्हना."

आत्या तिले म्हने, "कपडा दे म्हनते." कोकिळेनं सोताच चाळून देल्ली, पिठावानी मऊ, आन करवंटी आत्याच्या हातून सरकवली.

मंग घासनं जमलं. आंधी पानी आन राख, मंग तेल आन राख. बोटाचे सालटे निघाले. रस्त्यानं जानारा येनारा थांबे. एक बाई म्हने, "रुखमाबाई, भांडे घासाले मानूस ठेवला काय?" रुखमाबाई म्हने, "नाही वं, पाहुना हाये." थे बाई म्हने, "असा पाहुना आमच्याकडं बी धाडजो, लगनाचे भांडे पडले हायेत." कोकिळा खुदुखुदु. मामा खाटेवर झोपला, घोराले लागला. कपाळावरचा पट्टा तसाच, माशी बसून राह्यली त्यावर. गाडीचा भोंगा वाजला, गेला.

"आत्या, त्यायले सांग, टोपनाच्या टोकाशी एक रेघ राह्यली."

मी आत्याकडं पाह्यलं. आत्या भिंतीले टेकून झोपली व्हती. मी म्हनलं, "आत्या झोपली."

मिरचीचे देठ तुटाचा आवाज, आन माहं घासनं. मंग हे एकदम सीधं मले म्हने, "मामा तुमाले सांभाळून घेऊन राह्यले व्हते. तुमी सारं सांगून काऊन टाकलं?"

आता इथं काही तरी चांगलं बोलाचं असते ना, बे? खरं बोलनाऱ्या मानसावानी? माह्या तोंडातून निघालं, "मले खोटं बोललेलं ध्यानात राहत नाही. एक बोललो का दुसरं बोला लागते, मंग कोनाले काय सांगतलं थे याद ठेवा लागते. तेवढा धीर नाही मले."

ते हासली नाही. मिरची खाली ठेवली. म्हने, "मांगं एक पाहुना आलता. हातात घड्याळ. बाबानं येळ इचारली तं घड्याळच बंद. मंग समजलं थे त्याच्या मेव्हन्याचं. मंग समजलं बैलजोडी बी मेव्हन्याची." तिनं मिरची पुना उचलली. "रेघ राह्यली म्हनलं ना, टोकाशी."

म्या घासलं, बाप्पा. असं घासलं का आयुष्यात नाही घासलं. कागद असता तं फेकला असता, पन ती पाहून राह्यली व्हती ना! धुवाचं, पुसाचं, उजेडात धराचं. ते तिथून मान हालवे, नाही. पुना राख. पुना मान. मामानं एवढे दिस जे सांगतलं थे सारं तिनं नुसत्या मानेनं करून घेतलं माह्याकडून.

दिवस कलला. भगवंतराव वावरातून आले. मिशी धुतली व्हती, पन थोडी निळसरच राह्यली. पुंजाजी बी आले, उघड्या डोक्यानं, टोपी वाळत घातली म्हने. मामा उठला. मी बसल्या बसल्याच टोपण वर देल्लं. भगवंतरावनं धोतराच्या सोग्यावर जोरानं घासलं, सोगा पाह्यला. पांढरा. टोपण उजेडाकडं धरलं. फिरवून फिरवून पाह्यलं.

"टोपण झालं," म्हने. "आन दांडी?"

"दांडी राह्यली. अंधार पडाले आला."

"हूं."

तमाखू मळाले लागले. रुखमाबाई म्हने, "दादा, पोरीले तं इचार."

"तिले काय इचाराचं?"

कोकिळा वसरीतूनच म्हने, "बाबा, यायले फसवता येत नाही. पालिश लावलं थे बी सुटनारं. मले चालते."

भाऊ, माह्या कानात दडे बसले! पन भगवंतराव बागाईतदार मानूस, घाईत काही करत नाही. तमाखू दाढेत ठेवली, म्हने, "तुले चालते थे ठीक. पन मले अजून इचार करा लागन. आज मुक्काम करा. सकाळी पाहू."

सकाळी पाहू! पाहून झाल्यावर पुना पाहू! म्हनलं उठून पेन तरी त्यायच्या हातात देऊ, काही तरी बोलू, इनंती करू. आन उठलो.

आता थे ध्यानात घ्या का मी दुपारपासून उकिडवा बसलो व्हतो. उठलो, आन पाय नाही! दोन्ही पाय गेले, खाली काही हायेच नाही, नुसत्या मुंग्या. एक पाऊल टाकलं आन असा तोंडावर आदळलो, सीधा भगवंतरावच्या पुढ्यात. पडता पडता काही तरी धरा लागते, तं दोन्ही हातायनं त्यायचे पाय धरले. कपाळ त्यायच्या अंगठ्यावर!

"वा वा वा!" पुंजाजी. "याले म्हनतात वळण! आजकालच्या पोट्ट्यायत हाये का हे?"

आन भगवंतराव, आता कोनी पाया पडलं तं मानसाचा हात सोताहून डोक्यावर जातेच ना? गेला. आन तोंडातून निघालं, "सुखी राह्य, जावईबापू."

त्यायले बी मांगून समजलं असन का काय बोललो, पन तवर रुखमाबाई साखरेची वाटी घेऊन धावत आली व्हती, आन पुंजाजी साक्षीले उभे. बोलला शब्द मांगं कसा घ्याचा?

मी उठाले पाह्यलं. पाय अजून आलाच नव्हता. पुना पडलो, तिथंच.

"दुसऱ्यांदा पाया पडला!" पुंजाजीच्या डोळ्यात पानी. "उत्तमराव, काय पोरगा वाढवला तुमी!"

मामा माह्या कानाशी वाकला, म्हने, "अबे ऊठ आता, लय झालं."

तोंडात साखर, नाकात माती. मी म्हनलं, "मामा, उठता येऊन नाही राह्यलं."

आन वसरीतून, ते एकटीच, मिरच्यायचं सूप तोंडापुढं धरून, अशी हासून राह्यली व्हती, अशी हासून राह्यली व्हती, का अर्ध्या मिरच्या अंगनात.